चार स्वर आणि चार आक्षेप

आमच्या सुशिक्षित घरांत संगीताविषयी आदर पुष्कळ आहे. पण तो आदर बहुधा कानांपुरताच असतो. मैफलीचे तिकीट काढणे, जुन्या ध्वनिमुद्रिका जपून ठेवणे, थोर गवयांच्या आठवणी चवीने सांगणे ह्या गोष्टी अभिरुचीच्या खुणा म्हणून मान्य झालेल्या आहेत. ह्याच घरातील एखाद्या मुलाने वाद्य हाती घेऊन ते चुकतमाकत वाजवावयास आरंभ केला की मात्र घराचा सूर बदलतो. 'हे कशासाठी?' हा पहिला प्रश्न, 'किती दिवस चालणार?' हा दुसरा, आणि 'दार लावून घे' ही त्यानंतरची आज्ञा. ते वाद्य सतार किंवा तबला असेल तर घरची वडील माणसे निदान मान तरी डोलावतात. ते गिटार असेल, आणि त्यावर रॉक संगीतातील एखादा तुकडा वाजत असेल, तर त्या मुलाची बाजू घेणारा घरात एकही निघत नाही. ती बाजू आज आम्ही घेणार आहोत.

ह्या लेखास निमित्त झाले ते अँटॉप हिल येथील एका तक्रारअर्जाचे. वडाळा आणि शीव कोळीवाडा यांच्या मधल्या ह्या भागात केंद्र सरकारच्या नोकरांची मोठी वसाहत आहे. तेथे एकाच जिन्यावर मराठी, तामिळ, बंगाली, पंजाबी बिऱ्हाडे नांदतात, आणि भिंती अशा की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आपण मोजाव्यात. अशा एका इमारतीत नुकताच दहावीत गेलेला एक मुलगा रोज सायंकाळी गिटारीवर एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवीत असे. काही आठवडे हे चालल्यावर रहिवाशांनी सह्या करून अर्ज केला. त्याची नक्कल आमच्या पाहण्यात आली. अर्जाची भाषा सभ्य होती, हे आम्ही आनंदाने नमूद करतो. त्यात आक्षेप चार होते. हे वाद्य व हे संगीत परक्यांचे आहे. ह्यात विद्या म्हणून काही नाही, चार स्वरांची घोकंपट्टी आहे. हा गोंगाट आहे. आणि मुलाचे महत्त्वाचे वर्ष ह्यापायी फुकट जाईल. हे आक्षेप त्या एका इमारतीचे नाहीत. गिरगावापासून दादरपर्यंत आणि पुढे पुण्या-नागपुरापर्यंत आमच्या वर्गाचे बहुतेक लोक हेच बोलतात. म्हणूनच त्यांचा एकेक करून विचार करणे अगत्याचे वाटते.

प्रथम तो मुलगा वाजवीत होता ते काय, हे सांगितले पाहिजे. कारण सही करणाऱ्यांपैकी सर्वांस ते ऐकू येत होते, पण ते ऐकले कोणी होते असे अर्जावरून दिसत नाही. रॉक संगीतात गीताच्या आरंभी येणारा, आणि मग पुनःपुन्हा परतून गीतास सांभाळून धरणारा जो छोटा, ठसठशीत स्वरसमूह असतो त्यास रिफ म्हणतात. ह्या मुलाने निवडलेला रिफ डीप पर्पल ह्या इंग्रज वाद्यवृंदाच्या 'स्मोक ऑन द वॉटर' ह्या गीताचा होता. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो गावी, सरोवराकाठच्या कॅसिनोत दुसऱ्या एका वृंदाची मैफल चालू असता आग लागली. ध्वनिमुद्रणासाठी तेथे आलेल्या ह्या मंडळींनी पाण्यावर पसरलेला धूर पाहिला आणि तोच विषय घेऊन गीत रचले. ते १९७२ च्या 'मशीन हेड' ह्या संग्रहात प्रसिद्ध झाले. रिची ब्लॅकमोर याने बसविलेल्या त्या रिफमध्ये स्वर चारच आहेत: षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम. गिटारीची तिसरी तार मोकळी सोडावी, आणि मग तिसरा, पाचवा व सहावा पडदा दाबावा, एवढ्या चार जागांत सारे काम भागते. म्हणूनच गिटार हाती घेणारी देशोदेशीची मुले प्रथम जे अथपासून इतिपर्यंत वाजवितात ते बहुधा हेच असते.

आता पहिला आक्षेप, परकेपणाचा. हा आक्षेप घेणाऱ्या गृहस्थांच्या घरी भजनाला कोणते वाद्य लागते? पेटी. ही पेटी कोठून आली? पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबें याने १८४२ मध्ये जिचा हक्क नोंदविला, ती हार्मोनियम युरोपियन पाद्र्यांबरोबर आणि व्यापाऱ्यांबरोबर हिंदुस्थानात उतरली, कलकत्त्याच्या कारागिरांनी तिला हातभाता लावून मांडी घालून बसणाऱ्याच्या सोयीची केली, आणि एका पिढीच्या आत ती देवळात, कीर्तनात आणि नाटकगृहात जाऊन बसली. मराठी रंगभूमीने तर तिची थोरली बहीण ऑर्गन हीच आपलीशी केली. १९११ च्या 'मानापमाना'तील पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे हे पेटीचे थोर वादक होते. आज ज्या नाट्यसंगीतास आपण आपला वारसा म्हणतो त्याच्या पायाशी एक फ्रेंच वाद्य आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही.

ह्या पेटीवरही परकेपणाचा खटला झालाच होता. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने तिला आपल्या दारातून बाहेर काढले. तिच्या स्वरांच्या जागा ठरलेल्या, तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत, अशी त्यामागची कारणे होती. ही कारणे खोटी नव्हती. तरीही तीसएक वर्षे बंदी चालवून अखेर १९७० नंतर ती सैल करावी लागली. कारण मधल्या काळात लोकांनी पेटी सोडली नाही, गवयांनी सोडली नाही, भजनी मंडळींनी तर बंदीची दखलही घेतली नाही. गिटारीवर तर पेटीवरचा तो शास्त्रीय आक्षेपही नीट बसत नाही. तिच्या पडद्यावरून तार बोटाने आडवी ओढली की सतारीसारखीच मींड निघते. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तीवर रागदारी वाजविली, आणि १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह केलेली त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका कित्येक सुशिक्षित घरांत आजही जपून ठेवलेली सापडेल. तीच घरे गिटारीस परकी म्हणतात, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर अँटॉप हिलहून परळ-लालबाग फार दूर नाही. तेथील मिरवणुकांतून निघणारे बेंजो पथक ज्याने ऐकले नाही असा मुंबईकर विरळा. विजेची जोड दिलेला तो बेंजो मूळचा जपानी. १९१२ मध्ये नागोया येथे गोरो मोरिता याने तारांवर टंकलेखनयंत्रासारख्या कळा बसवून ताइशोगोतो नावाचे वाद्य तयार केले. तेच आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झाले, आणि गिरणगावाच्या रस्त्यावर त्याचा बेंजो झाला. म्हणजे विजेवर वाजणारे तारवाद्य गणपतीपुढे वाजते तेव्हा ती आपली परंपरा, आणि तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा वाजवितो तेव्हा ते परदेशी खूळ! हा न्याय आम्हांस समजत नाही.

खरे सांगावयाचे तर गिटार ह्या वर्गाच्या कानांत कितीतरी वर्षांपूर्वीच शिरलेली आहे. हिंदी चित्रपटांच्या संगीतामागे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट अशा गोमंतकीय वादकांची आणि रचनाकारांची पिढी राबली. गझलेच्या मृदू आवाजासाठी ज्यांस लोक ओळखतात त्या भूपिंदर सिंग यांनीच 'हरे रामा हरे कृष्णा' ह्या १९७१ च्या चित्रपटातील 'दम मारो दम' ह्या गीतात गिटार वाजविली आहे. ती गाणी आमच्या घरांतून दिवसरात्र वाजली, लग्नाच्या मांडवांतून वाजली. वाजविणारा पडद्याआड होता तोवर गिटार आमची होती. तो आमच्याच घरात, आमच्याच पोटचा निघाला, तेव्हा ती परकी झाली.

दुसरा आक्षेप अधिक विचारी लोकांचा आहे, म्हणून त्यास अधिक विचाराने उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात, वाद्य परके असो वा नसो, ह्या संगीतात आहे काय? राग नाही, विस्तार नाही, वर्षानुवर्षांची तपश्चर्या नाही. चार स्वर घ्यावयाचे आणि घाण्याच्या बैलासारखे त्यांभोवती फिरावयाचे.

अशा गृहस्थांनी एखाद्या तबलजीच्या स्वतंत्र वादनास जाऊन बसावे आणि तबल्याकडे न पाहता बाजूच्या पेटीवाल्याकडे किंवा सारंगियाकडे पाहावे. तो काय करीत असतो? सोळा मात्रांचा एक छोटासा लेहरा तो धरतो आणि अर्धा-पाऊण तास तोच फिरवीत राहतो. त्यात तान नाही, आलाप नाही, आपली हुशारी दाखविण्यास जागा नाही. पण त्याची समेची जागा केसभर हलली तर समोरच्या थोर तबलजीचे सारे गणित कोसळते. त्या लेहरेकऱ्यास कोणी घाण्याचा बैल म्हणत नाही. उलट जाणते लोक त्याच्या स्थैर्यास दाद देतात. रॉक संगीतातील रिफ हा असाच एक लेहरा आहे. त्याचे काम पुढे जाण्याचे नाही, स्थिर राहून इतरांना पुढे जाऊ देण्याचे आहे. ढोल, गायक, दुसरी गिटार ही सारी त्याच्या आधारावर उभी असतात. ज्यास लेहरा समजतो त्यास रिफ क्षुद्र वाटण्याचे कारण नाही. आणि ज्यास रिफ क्षुद्र वाटतो त्यास लेहरा खरोखर समजला आहे काय, अशी शंका घेण्यास जागा आहे.

स्वरांकडे पाहिले तर ही ओळख आणखी घट्ट होते. ब्लॅकमोर हा रिफ एका तारेवर वाजवीत नाही, जोडीने वाजवितो: तिसऱ्या तारेवर षड्ज असेल तेव्हा चौथ्या तारेवर त्याच्या खालचा पंचम असतो, आणि ही जोडी तशीच वर सरकते व खाली येते. मंद्र पंचम आणि त्यावरचा षड्ज ही जोडी आमच्या वाचकांनी ऐकलेली नाही काय? तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची आणि पुढची जोड षड्जाची, हीच ती. ह्या जोडीत गंधार नसतो, म्हणून ती हसरीही नसते आणि रडवीही नसते. ती केवळ भक्कम असते. विजेच्या गिटारीचा आवाज जेव्हा वर्धकाच्या ताकदीबाहेर ताणला जातो तेव्हा नादाच्या लहरींची टोके कापली जातात आणि मूळ स्वरांतून अनेक नवे नाद जन्मास येतात. दोन स्वरांचे प्रमाण गुंतागुंतीचे असेल तर हे नवे नाद एकमेकांत भांडतात. षड्ज-पंचमाचे प्रमाण दोनास तीन, आणि हेच उलट मांडले तर तीनास चार. इतके साधे, की त्यातून निघणारे नाद त्याच षड्जाच्या गोतावळ्यात बसतात. म्हणून त्या गदारोळातही ती जोडी स्वच्छ ऐकू येते. आमचे मिरजेचे कारागीर घोडी घासून आणि तारेखाली सुताचा दोरा सारून तानपुऱ्याची जवारी उघडतात, ती कशासाठी? एका स्वरातून त्याचे सारे उपस्वर बाहेर पडावेत, तार गुणगुणावी, एवढ्याचसाठी. उपाय निराळे, पण नाद भरून काढण्याची हाव एकच. जवारीवर वाढलेल्या कानाला हा आवाज मुळातच अनोळखी आहे, असे म्हणणे हे त्या कानाचे अज्ञान आहे.

राहिली तपश्चर्या. चार स्वर वाजविणे सोपे आहे. चार स्वर नेमके वाजविणे अजिबात सोपे नाही. ज्या तारा वाजावयाच्या नाहीत त्या तळव्याने आणि बोटांच्या कडांनी मुक्या ठेवाव्या लागतात. स्वर जेवढा वेळ टिकावयाचा तेवढाच टिकून तुटला पाहिजे, कारण ह्या रिफचा अर्धा जोर स्वरांत आणि अर्धा त्यांमधल्या मोकळ्या जागेत आहे. नखीने आघात केला तर दोन तारा एकामागून एक वाजतात. ब्लॅकमोर त्या बोटांनी एकदम उचलतो, म्हणून दोन्ही स्वर एकाच क्षणी निघतात. काही स्वर ठोक्यावर पडतात, काही ठोका चुकवून. हे सारे एकदा जमणे निराळे आणि वीस वेळा एकसारखे जमणे निराळे. तो मुलगा आठवड्यामागून आठवडे तोच तुकडा वाजवीत होता, अशी तक्रार आहे. आमच्या मते ती तक्रार म्हणजे त्या मुलाच्या रियाजाची शेजाऱ्यांनी सह्यांनिशी दिलेली साक्ष आहे.

तिसरा आक्षेप गोंगाटाचा. ह्यात निम्मे तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारीत नाही. ज्या घरात रात्रपाळी करून आलेला माणूस निजला आहे, म्हातारे माणूस आजारी आहे, त्या घराच्या भिंतीला भिंत लावून वर्धक लावणे हे असभ्यपणाचे आहे, मग त्यावर गिटार वाजो की भक्तिगीत. २००० साली झालेल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपकास मनाई केली आणि इस्पितळे, शाळा, न्यायालये यांच्याभोवती शांतताक्षेत्रे आखली. धोबीतलावाजवळच्या ज्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' ह्या महोत्सवासाठी मुंबईची तरुण मुले जमत होती ते उघडे नाट्यगृह ह्याच शांततेच्या नियमापुढे मुके झाले. हा नियम आम्हांस मान्य आहे. तो सर्वांस सारखा लागावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.

परंतु गोंगाट वर्धकाचा असतो, गिटारीचा नसतो. पोकळ लाकडी गिटार ही स्वयंपाकघरातल्या मिक्सरपेक्षा कितीतरी हलक्या आवाजाची आहे. विजेची भरीव गिटार वर्धकाशिवाय वाजविली तर पलीकडच्या खोलीतही धड पोहोचत नाही; आणि कानांस लावण्याची साधने आज इतकी सुलभ आहेत की मुलाने हवा तेवढा गदारोळ करावा आणि तो त्याच्या एकट्याच्याच डोक्यात राहावा. अर्जात मात्र आवाज कमी करण्याची मागणी नव्हती, वेळ ठरवून देण्याची नव्हती. 'हा प्रकार बंद व्हावा' अशी होती. ज्या वसाहतीत दूरदर्शनसंचावरील वादविवादांचा आरडाओरडा चार मजले ऐकू येतो आणि त्याविरुद्ध कधी एक सही गोळा होत नाही, तेथे चार स्वरांवर इतक्या सह्या पडतात, ह्याचा अर्थ आक्षेप आवाजावर नाही. तो वाजविण्यावर आहे.

आणि म्हणूनच चौथा आक्षेप हा खरा आक्षेप आहे. पहिले तीन त्याचे वकील आहेत. मुलाचे दहावीचे वर्ष! आमच्या वर्गात एक अलिखित रिवाज पडून गेला आहे. नववीची परीक्षा संपली की पेटीवर अभ्रा चढतो, तबला माळ्यावर जातो, गाण्याच्या बाईंना 'पुढच्या वर्षी बघू' असा निरोप जातो. ते पुढचे वर्ष क्वचितच येते. दहावीनंतर बारावी येते, बारावीनंतर प्रवेशपरीक्षा, मग पदवी, मग नोकरी. आणि चाळिशीत तो गृहस्थ षण्मुखानंद सभागृहात बसून शेजाऱ्यास सांगतो, 'लहानपणी मीही थोडा तबला वाजवीत असे.' असे किती तबलजी, किती पेटीवादक आमच्या वर्गाने ह्या रीतीने श्रोते करून टाकले, ह्याची मोजदाद कोणी केलेली नाही. आमच्या घरांतून ऐकणारे वाढत गेले आणि वाजविणारे संपत आले, हा त्याचा परिणाम आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, आम्ही संगीतास विरोध करीत नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना आम्हीच मुलांना बसवितो. खरे आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा गाणेबजावणे हे घरंदाज माणसाचे काम नव्हे असेच बहुतेकांस वाटत होते. ती भिंत त्यांनी पाडली, आणि त्या उपकाराखाली आम्ही सर्व आहोत. पण त्यांनी काढलेल्या वाटेवर आम्ही पुढे जकातनाके उभारले. शास्त्रीय कलांतील परीक्षांसाठी दहावीस वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर कित्येक घरांत गाणे हे गुणांच्या बेरजेतले एक कलम होऊन बसले आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा असे जिने मुलगा चढतो, प्रमाणपत्रे भिंतीवर लागतात, आणि शेवटच्या परीक्षेनंतर तानपुरा कोणी जुळवीत नाही. परीक्षा वाईट आहेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण ज्यातून गुण मिळतात ते संगीत आणि ज्यातून मिळत नाहीत तो उपद्व्याप, ही विभागणी पलुसकरांनी केलेली नव्हती, ती आम्ही केली आहे. अँटॉप हिलच्या त्या मुलास त्याच्या चार स्वरांबद्दल कोणीही एक गुण देणार नाही. तरीही तो रोज बसतो. विद्येची आवड ह्यास म्हणावयाचे नाही तर कशास म्हणावयाचे?

अभ्यासाची नासाडी होते, हे म्हणणे तर आमच्याच मुंबईच्या इतिहासाविरुद्ध आहे. विष्णु नारायण भातखंडे हे वाळकेश्वरचे. विद्यार्थिदशेत सतार शिकले, एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले, कायद्याची परीक्षा देऊन वकील झाले, आणि मग हिंदुस्थानी संगीताची मांडणी करून गेले. सतारीने त्यांची वकिली अडविली नाही. गिरगावात संगीताची शाळा चालविणारे प्रा. बी. आर. देवधर हे तर पलुसकरांचे शिष्य, पदवीधर, आणि शिवाय पाश्चात्य संगीताचे अभ्यासू. त्यांच्याच तालमीत कुमार गंधर्व वाढले. प्रत्येक मुलगा भातखंडे किंवा देवधर होईल असे आम्ही म्हणत नाही. रोजचा अर्धा तास वाद्य हाती घेतल्याने मुलाचे भवितव्य बुडते, हे अद्याप कोणी दाखवून दिलेले नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

येथवर आम्ही मुलाची बाजू मांडली. आता त्याच्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. 'दहा मिनिटांत रिफ शिका' अशी दुकाने मांडून बसलेल्यांनी ह्या विद्येचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे सह्या करणाऱ्यांनीही केलेले नाही. सहा रेघांवर पडद्यांचे आकडे लिहून द्यावयाचे, मुलाने आकड्यांवर बोटे ठेवावयाची, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रिफकडे वळावयाचे, ह्या पद्धतीने कित्येक मुलांस वीस गीतांचे आरंभ येतात आणि एकाही गीताचा शेवट येत नाही. शेजाऱ्यांचा दुसरा आक्षेप अशा मुलांविषयी असता तर आम्हीही त्याखाली सही केली असती.

ह्यावर उपाय जुनाच आहे आणि तो आमच्या घरांस ठाऊक आहे. जे बोटांनी वाजवावयाचे ते आधी गळ्याने म्हणावे. चार स्वर सरगमात गाऊन पाहावेत; शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांतला फरक गळ्यास कळला नाही तोवर तो बोटांस कळणार नाही. हाताने ठेका धरावा. मग अगदी सावकाश, लयीचे यंत्र किंवा मोबाइलवरील ठोका लावून वाजवावे, आणि लय वाढविण्याची घाई करू नये. ते साधल्यावर कोणाच्या तरी बरोबर वाजवावे. शेजारी तबला वाजविणारी मुलगी असेल तर फारच उत्तम. आणि शेवटी तोच रिफ दुसऱ्या षड्जावरून वाजवून पाहावा, म्हणजे आकड्यांची कुबडी आपोआप गळून पडेल. एवढे केलेला मुलगा पुढे रॉक वाजवो, भावगीत वाजवो, की सारे सोडून सतारीकडे वळो, तो जन्मभर निराळ्या कानाने ऐकेल.

एवढ्यासाठी घरांनी आणि वसाहतींनी काय करावे, हेही स्पष्ट सांगतो. कारण नुसता उपदेश कोणाच्याच कामास येत नाही. घराने मुलास रोज ठरलेला अर्धा तास द्यावा, आणि तो दहावीच्या वर्षीही काढून घेऊ नये. मुलाने वर्धक लावू नये आणि ठरल्या वेळेबाहेर शेजाऱ्यांस छळू नये. आणि ज्या वसाहतींच्या सभागृहांत वाढदिवस, बारशी आणि वार्षिक सभा होतात, बाकीचे दिवस ज्यांना कुलूप असते, त्या वसाहतींनी सायंकाळी सहा ते सात हा तास वाजविणाऱ्या मुलांसाठी खुला ठेवावा. ह्यास खर्च नाही. विजेचे दोन दिवे आणि किल्ली सांभाळणारा एक माणूस पुरे. त्या तासात गिटार यावी, पेटी यावी, मृदंगम् यावा, बेंजोही यावा. एकाच जिन्यावर राहून एकमेकांची भाषा न शिकलेली बिऱ्हाडे निदान एकमेकांची वाद्ये तरी ऐकतील. पुढच्या महिन्यात ज्या ज्या रहिवासी संघाची सभा असेल त्याने विषयपत्रिकेवर गोंगाटाच्या तक्रारीखाली हा दुसरा विषय घालावा, आणि ज्यांनी पहिल्यावर सही केली त्यांनीच तो मांडावा.